स्प्लिट कीबोर्ड घ्यावा की नेहमीचाच पुरेसा आहे? निवड करण्याआधी पाहण्याचे कोन

प्रश्न असा आहे: दिवसातील आठ-नऊ तास कीबोर्डवर जातात, त्यात लेखनही असते आणि आकडेमोडही. संध्याकाळपर्यंत दोन्ही मनगटे करंगळीकडील बाजूने दुखू लागतात आणि उजवा खांदा जड होतो. अशा वेळी दोन भागांत विभागलेला, म्हणजेच स्प्लिट कीबोर्ड घ्यावा, की चांगल्या प्रतीचा नेहमीचा कीबोर्ड पुरेसा ठरेल?

हाताच्या आणि मनगटाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या संगणक वापरणाऱ्यांवर ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून मी दीर्घकाळ उपचार करत आले आहे, त्यामुळे उत्तरही त्याच अनुभवातून देते. स्प्लिट कीबोर्डमुळे हाताचे एक-दोन ठरावीक कोन सुधारतात, त्यापलीकडे त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. तुमचा त्रास त्या कोनांमुळे होत असेल तर त्याचा उपयोग होतो आणि तो लक्षात येण्याइतका होतो. त्रासाचे मूळ दुसरीकडे असेल तर महागडा कीबोर्ड टेबलावर येतो आणि दुखणे होते तिथेच राहते. म्हणून कोणता कीबोर्ड घ्यावा हे ठरवण्याआधी आपला हात नेमका कुठे आणि किती वाकतो आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

नेहमीच्या कीबोर्डवर हाताची स्थिती कशी होते ते आधी समजून घेऊ. दोन शेजारच्या कळांच्या मध्यांमधील अंतर साधारण १९ मिलिमीटर असते, त्यामुळे अक्षरांच्या कळांचा सगळा पसारा आपल्या दोन खांद्यांमधील अंतरापेक्षा बराच अरुंद असतो. कोपर शरीराच्या दोन्ही बाजूंना आणि हाताचे पंजे मात्र समोर मध्यभागी एकमेकांजवळ, अशी रचना झाली की अग्रबाहू, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग, आतल्या दिशेने तिरका होतो. कळांच्या रांगा मात्र सरळ असतात. बोटे त्या रांगांवर सरळ पडावीत म्हणून पंजा मनगटातून करंगळीच्या दिशेला वळतो. हा पहिला कोन होय. नेहमीच्या कीबोर्डवर तो बहुतेकांमध्ये १० ते १५ अंशांच्या आसपास असतो आणि काहींमध्ये त्याहून अधिकही असतो. ज्यांचे खांदे रुंद आहेत, ज्यांच्या पोटाचा किंवा छातीचा घेर मोठा आहे, किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांच्यामध्ये कोपर आणखी बाहेर जातात आणि हा कोन वाढतो.

दुसरा कोन तळहाताच्या दिशेचा आहे. हात सैल सोडून कोपर वाकवला तर अंगठा वरच्या बाजूला आणि तळहात बराचसा आतल्या बाजूला असतो. सपाट कीबोर्डवर टंकलेखन करण्यासाठी आपण तळहात जवळजवळ पूर्णपणे जमिनीकडे फिरवतो आणि तासन् तास तसाच धरून ठेवतो; त्यासाठी अग्रबाहूतील स्नायूंना सतत काम करावे लागते. तिसरा कोन म्हणजे मनगट वरच्या दिशेला, हाताच्या पाठीकडे वाकणे. कीबोर्ड जाड असेल, टेबल उंच असेल किंवा कीबोर्डच्या मागचे छोटे पाय उघडलेले असतील, तर हा कोन वाढतो.

या तीन कोनांपैकी स्प्लिट रचना पहिल्यावर थेट काम करते. मध्यभाग उंच करण्याची, म्हणजे टेंटिंगची सोय असेल तर दुसऱ्यावरही करते. तिसऱ्या कोनाचा विभागणीशी संबंध नाही. तो कीबोर्डची जाडी, उतार आणि टेबलाची उंची यांवर अवलंबून असतो, आणि जाडजूड स्प्लिट कीबोर्डवर तो पातळ, साध्या कीबोर्डपेक्षा वाईट असू शकतो. खरेदी करताना ही बाब सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते, म्हणून तिच्यावर मुद्दाम भर देत आहे.

हे कोन महत्त्वाचे का, याचेही मोजमाप झालेले आहे. मनगटातील कार्पल टनेल या अरुंद मार्गातून बोटे वाकवणाऱ्या कंडरा आणि मीडियन नर्व्ह ही हाताची नस जातात. मनगट वाकले की त्या मार्गातील दाब वाढतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी व्यक्तींच्या मनगटातील हा दाब वेगवेगळ्या स्थितींमध्ये प्रत्यक्ष मोजण्यात आला. चारपैकी तीन व्यक्तींमध्ये दाब ३० मिलिमीटर पाऱ्याच्या आत राहायचा असेल तर मनगट वरच्या दिशेला सुमारे ३३ अंशांपेक्षा आणि करंगळीच्या दिशेला सुमारे १५ अंशांपेक्षा अधिक वाकू नये, असे त्यातून निघाले. करंगळीच्या दिशेची मर्यादा किती जवळची आहे ते पाहा: नेहमीच्या कीबोर्डवर काम करणारे अनेक हात तिच्या आसपासच असतात. स्प्लिट कीबोर्डच्या बाजूने देता येणारे सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

कळफलक मधोमध विभागण्याचा विचार तसा जुना आहे. जर्मनीत क्लॉकेनबर्ग यांनी १९२६ मध्ये टंकलेखन यंत्रासाठी तो मांडला होता, १९७२ मध्ये कार्ल क्रोमर यांच्या शोधनिबंधाने त्याला मोजमापांचा आधार दिला आणि १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नॅचरल कीबोर्डमुळे तो सामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचला. आपण जो कीबोर्ड ‘नेहमीचा’ म्हणतो त्याची ठेवण मात्र हाताकडे पाहून ठरलेली नाही. प्रत्येक कळीखालच्या दांड्याला जागा मिळावी म्हणून टंकलेखन यंत्रात वरची रांग खालच्या रांगेपेक्षा थोडी डावीकडे सरकवलेली असे, आणि दांडे गेले तरी ती ठेवण राहिली. उजव्या हाताला ही तिरकी ठेवण बऱ्यापैकी जुळते. डाव्या हाताची बोटे मात्र नैसर्गिकरीत्या ज्या दिशेला पसरतात, त्याच्या उलट दिशेला ती जाते. खालच्या रांगेतील झेड आणि एक्स दाबताना डावे मनगट कसे वळते, हे एकदा स्वतः पाहावे.

कोन सुधारतात हे निश्चित असले, तरी त्यामुळे दुखणे कमी होतेच का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर अधिक सावधपणे द्यावे लागते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हाताच्या तक्रारी असलेल्या ८० संगणक वापरणाऱ्यांना चारपैकी एक कीबोर्ड सहा महिने वापरण्यास दिला होता. मध्यभागी विभागलेला पण एकसंध असलेला कीबोर्ड ज्यांना मिळाला, त्यांच्यामध्ये वेदना कमी होण्याकडे आणि हाताची कार्यक्षमता वाढण्याकडे कल दिसला. वैद्यकीय तपासणीतील निष्कर्षांत मात्र तशी सुधारणा आढळली नाही. कार्पल टनेल सिंड्रोम, म्हणजे त्या अरुंद मार्गात मीडियन नर्व्ह दाबली जाण्याचा आजार, एवढ्यापुरते बोलायचे तर २०१२ मधील कॉक्रेन समीक्षेला, म्हणजे उपलब्ध वैद्यकीय चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणाला, केवळ दोन चाचण्या मिळाल्या, त्यांत मिळून १०५ रुग्ण होते, आणि विशेष कीबोर्डचा लाभ किंवा अपाय ठरवण्यास हा पुरावा अपुरा आहे असे तिने नोंदवले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका मोठ्या अभ्यासातही कीबोर्डच्या वापराने कार्पल टनेल सिंड्रोमचा धोका लक्षणीय वाढतो असे दिसले नव्हते. तेथे संशयाची सुई माऊसच्या दीर्घ वापराकडे अधिक होती. यावरून मी असा निष्कर्ष काढते की स्प्लिट कीबोर्ड आराम मिळवण्यासाठी जरूर घ्यावा, परंतु एखाद्या निदान झालेल्या आजाराचा उपचार म्हणून त्याच्यावर विसंबून राहू नये.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळते. तासभर काम झाल्यावर, म्हणजे सरळ बसण्याचे भान सुटल्यानंतर, कोणाला तरी आपल्या हातांची दोन छायाचित्रे काढायला सांगा: एक बरोबर वरून आणि एक बाजूने. वरच्या छायाचित्रात अग्रबाहूच्या मध्यातून एक रेषा आणि मधल्या बोटाच्या मुळापासून मनगटापर्यंत दुसरी रेषा काढा. त्या दोन रेषा जवळजवळ एका ओळीत असतील तर स्प्लिट कीबोर्ड तुमच्यासाठी फारसे काही करणार नाही. त्यांच्यामध्ये डोळ्यांना सहज दिसणारा कोन असेल, आणि दुखणेही मनगटाच्या करंगळीकडील बाजूलाच असेल, तर त्याचा उपयोग होण्याची शक्यता चांगली आहे. बाजूच्या छायाचित्रात मनगट वर वाकलेले दिसले, तर आधी उंची आणि उतार सुधारावा लागेल. सरळ बसून, मुद्दाम नीट हात ठेवून काढलेले छायाचित्र निरुपयोगी असते. शरीर दमल्यावर जी स्थिती घेते, तिच्यातच दिवसाचे बहुतेक तास जात असतात.

तपासणीनंतर, नवीन काही विकत घेण्यापूर्वी, आहे त्या कीबोर्डवर काही बदल करावेत असा माझा आग्रह असतो. मागचे पाय मिटवावेत. कीबोर्डचे अक्षर दिसावे म्हणून ते उघडण्याची सवय आहे, पण त्याची किंमत मनगट चुकवते. टेबलाची किंवा खुर्चीची उंची अशी ठेवावी की खांदे सैल असताना कळा कोपराच्या पातळीवर किंवा किंचित खाली येतील, आणि खुर्ची उंच केल्याने पाय अधांतरी राहत असतील तर पायांखाली आधार घ्यावा. तळहाताचा आधार टंकलेखनाच्या मधल्या विसाव्यासाठी असतो. त्यावर मनगट टेकवून, केवळ बोटे ताणून टंकलेखन करणे हितकारक नाही, कारण तसे करताना मनगटाच्या तळाशी दाब पडतो आणि दूरची कळ गाठण्यासाठी पूर्ण हात हलवण्याऐवजी मनगट वळवले जाते.

यापुढचा मुद्दा प्रश्नातील उजव्या खांद्याशी संबंधित आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते. पूर्ण आकाराच्या कीबोर्डमध्ये नंबरपॅड, म्हणजे आकड्यांच्या कळांचा वेगळा गट, उजवीकडे असतो. आपण कीबोर्ड टेबलाच्या मध्यभागी ठेवतो तेव्हा अक्षरांचा भाग प्रत्यक्षात शरीराच्या मध्यरेषेच्या डावीकडे जातो, आणि माऊस नंबरपॅडच्याही पलीकडे. त्याचा परिणाम असा की दोन्ही हात डावीकडे तिरके होऊन टंकलेखन करतात आणि उजवा हात माऊससाठी दिवसभर शरीरापासून लांब, बाहेर वळलेला राहतो. खांद्याच्या जडपणाचे हे इतके सामान्य कारण आहे की मी सर्वप्रथम तेच तपासते. उपाय सोपा आहे: जी आणि एच या कळांमधील फट बेंबीच्या समोर येईल असा कीबोर्ड सरकवावा. असे केल्यावर माऊस आणखी दूर जातो हे लगेच लक्षात येईल. म्हणून नंबरपॅड नसलेला कीबोर्ड घ्यावा. आकडेमोडीसाठी सुटा नंबरपॅड मिळतो. तो गरज असेल तेव्हाच जवळ ओढता येतो किंवा डाव्या हाताला ठेवता येतो. डाव्या हाताने आकडे भरण्याची सवय थोड्या सरावाने लागते आणि उजव्या हातावरील भारही वाटला जातो.

याच कारणामुळे बाजारातील सर्वांत परिचित प्रकारच्या स्प्लिट कीबोर्डबद्दल सावध करावेसे वाटते. मध्यभागी फुगीर, लाटेसारखा वळलेला आणि उजवीकडे पूर्ण नंबरपॅड असलेला एकसंध कीबोर्ड नेहमीच्या कीबोर्डपेक्षाही रुंद असतो. तो मनगटाचा कोन सुधारतो आणि त्याच वेळी माऊसला आणखी दूर ढकलतो. मनगटाला बरे वाटले पण खांदा अधिक दुखू लागला, अशी तक्रार आली की बहुतेक वेळा हेच घडलेले असते. या प्रकारात नंबरपॅड सुटा असलेली मॉडेल शोधावीत.

स्प्लिट कीबोर्डमधील दुसरा प्रकार पूर्णपणे वेगळ्या दोन तुकड्यांचा आहे. त्यात दोन्ही तुकडे खांद्यांच्या रुंदीइतके दूर ठेवता येतात, हवे तसे फिरवता येतात, आणि माऊस किंवा ट्रॅकबॉल (गोळा फिरवून चालवायचे माऊससारखे साधन) मधल्या मोकळ्या जागेतही ठेवता येतो, ज्याचा खांद्याला मोठा लाभ होतो. रुंद बांध्याच्या व्यक्तींना मी सहसा हाच प्रकार सुचवते, कारण एकसंध कीबोर्डमधील कोन उत्पादकाने ठरवलेला असतो आणि तो सरासरी शरीरासाठी असतो. मात्र मोकळीक जास्त असली की चुकीची मांडणीही सहज होते. तुकडे खांद्यांपेक्षा बाहेर ठेवले तर हात बाहेर वळतात आणि नवीन ताण निर्माण होतो. टेंटिंग सुरुवातीला ५ ते १० अंशांपुरतेच ठेवावे. आतली कड उंच केली की पंजाही उंच होतो, म्हणून टेबल किंवा खुर्ची पुन्हा जुळवावी लागते आणि तळहाताचा आधारही त्याच उताराचा असावा लागतो. अन्यथा हात घसरू नये म्हणून खांदे उचलून धरले जातात.

तिसरा प्रकार म्हणजे उभ्या ओळींत कळा मांडलेले आणि अंगठ्यांकडे अनेक कळा सोपवणारे कीबोर्ड. काहींमध्ये कळा वाटीसारख्या खोलगट भागात बसवलेल्या असतात. इंग्लंडमधील माल्ट्रॉन आणि अमेरिकेतील किनेसिस यांनी ही रचना रूढ केली. बोटांची हालचाल यात खरोखर कमी होते, आणि एंटर, बॅकस्पेस, शिफ्ट यांच्यासाठी सतत ताणली जाणारी करंगळी मोकळी होते. ज्यांचे दुखणे करंगळीचे आहे त्यांच्यासाठी हा प्रकार मोलाचा आहे. परंतु करंगळीचे काम अंगठ्याकडे जाते हे विसरू नये. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल, अंगठ्याकडील मनगटाच्या कंडरांना सूज असेल, किंवा मोबाइलवर टंकलेखन करून अंगठा आधीच दुखत असेल, तर मी हा प्रकार सुचवत नाही. अगदी मोजक्या कळा ठेवून बाकीची चिन्हे दोन-तीन कळा एकत्र दाबून मिळवण्याच्या रचनाही असतात. चिन्हे, आकडे किंवा दोन लिप्यांतील मजकूर सतत लागणाऱ्या व्यक्तीला त्या एकत्र दाबण्यानेच थकवा येतो. दुखऱ्या हाताने शिकण्याची ही जागा नव्हे.

कळा किती जोराने दाबाव्या लागतात यालाही महत्त्व आहे, पण सांगायचे थोडकेच आहे. यांत्रिक स्विच म्हणजे प्रत्येक कळीखालचे सुटे बटण; त्यांचे प्रकार रंगांनी ओळखले जातात. त्यांत लाल प्रकाराला सुमारे ४५ आणि तपकिरी प्रकाराला सुमारे ५५ सेंटीन्यूटन बळ लागते. आपण प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक बळाने कळ तळाशी आपटतो. हलका स्विच घेतल्याने आपटण्याची सवय आपोआप जात नाही. कळ नोंदली गेल्याची जाणीव बोटाला स्पष्ट मिळते असा स्विच निवडला आणि जाणीवपूर्वक हलके दाबण्याचा सराव केला, तर फरक पडतो.

तुम्ही न पाहता, दहाही बोटांनी टंकलेखन करता की नाही, यावरही बरेच अवलंबून आहे. दोन-चार बोटांनी, कळा शोधत टंकलेखन करणाऱ्याचा पूर्ण हात सतत फिरत असतो आणि मनगट एका कोनात अडकून राहत नाही. त्याच्या तक्रारी बहुधा मानेच्या असतात, कारण नजर सतत खाली जाते. दूर ठेवलेल्या दोन तुकड्यांमुळे नजरेची ये-जा आणखी वाढते. अशा व्यक्तीने आधी टंकलेखन शिकावे. शिकलेल्यांनाही पहिले काही दिवस वाय, बी आणि सहाचा आकडा अडवतात, कारण अनेकांना त्या कळा ‘चुकीच्या’ हाताने दाबण्याची सवय असते. रांगा नेहमीसारख्या असलेल्या स्प्लिट कीबोर्डवर वेग लवकर परत येतो. उभ्या ओळींच्या कीबोर्डला काही आठवडे लागतात. कामाची मुदत जवळ आली असताना हा बदल सुरू करू नये. रोज अर्धा-पाऊण तास नवीन कीबोर्ड आणि उरलेला वेळ जुना, अशी सुरुवात शरीराला आणि कामाला दोघांनाही झेपते.

संयमाबद्दल एक उपयुक्त पुरावा आहे. कार्पल टनेल सिंड्रोम असलेल्या २० व्यक्तींना कळांखालचे स्विच वेगळे असलेले दोन प्रकारचे कीबोर्ड देऊन केलेल्या १९९९ च्या एका चाचणीत सहा आठवड्यांनी वेदनांमध्ये फरक दिसला नव्हता, बारा आठवड्यांनी दिसला. आठवडाभरात ‘काही उपयोग नाही’ म्हणून कीबोर्ड परत करणे जितके घाईचे आहे, तितकेच पहिल्या दिवशीच्या सुखद अनुभवावरून निष्कर्ष काढणेही घाईचे आहे. दुखणे नवीन ठिकाणी सुरू झाले तर मात्र थांबून मांडणी तपासावी.

काही लक्षणांसाठी कीबोर्डचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन जाग येणे, हातातून वस्तू निसटणे, अंगठ्याच्या मुळाशी तळहातावर असलेला मांसल भाग बारीक होणे, मानेपासून हातात वेदना उतरणे ही ती लक्षणे होत. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर कोपराकडील नस दाबली जात असण्याचा संभव असतो. खुर्चीच्या कठीण हातावर कोपर टेकवून बसण्याची सवय आधी तपासावी.

विचारलेल्या प्रश्नापुरते सांगायचे तर, वर्णनावरून दोन वेगळी कारणे एकत्र आलेली दिसतात: मनगटांसाठी पहिला कोन आणि खांद्यासाठी माऊसचे अंतर. खांद्यावरचा उपाय आज करता येईल: कीबोर्डचे मागचे पाय मिटवा, जी-एच बेंबीसमोर आणा, नंबरपॅड हटवा, माऊस जवळ घ्या, आणि दोन-तीन आठवडे असेच काम करा. त्यानंतर वरून पुन्हा छायाचित्र काढा. मनगटाचा कोन अजूनही स्पष्ट दिसत असेल आणि करंगळीकडचे दुखणे टिकून असेल, तर नेहमीच्या रांगांचा, नंबरपॅड सुटा असलेला स्प्लिट कीबोर्ड घ्या. बांधा मध्यम असेल तर एकसंध, खांदे रुंद असतील तर दोन तुकड्यांचा. परत करण्याची मुदत किती आहे ते खरेदीपूर्वी विचारा, शक्य असेल तर कोणाचा तरी मागून काही आठवडे वापरून पाहा, आणि तीन महिने नेटाने वापरूनही फरक पडला नाही तर हाताची तपासणी करून घ्या.